तपासले. बरोबर.

पुडीतलं भडंग तळाला आलं तेव्हा कुठं अर्जुन कोळेकरचं कागदाकडं लक्ष गेलं. आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून तो उभा होता. कॉलेज सुटून तास झाला होता, घरी जायचा कंटाळा होता, आणि पुडीच्या टोकाशी साचलेले लसणाचे जळके तुकडे आणि तिखटाचा गाळ तो बोटानं कोरकोरून खात होता. शिक्षण एम.एस्सी., नोकरी गणिताच्या लेक्चररची, पण पुडी चाटायची खोड काही सुटली नव्हती. बोट फिरलं तसा तेलानं भिजलेला कागद उजेडात आला आणि त्यातून जांभळे आकडे वर आले. मधोमध २१४७४८३६४७, डावीकडं ८१९१, उजवीकडं भागाकार, आणि खाली पायरी पायरीनं उतरत गेलेल्या वजाबाक्या, चौथीतल्या पोरानं करावा तसला लांबलचक भागाकार. पानाच्या तळाशी, जिथं शेंगदाण्याचं साल चिकटलं होतं, तिथं लाल शाईत दोन शब्द आणि सही. तपासले. बरोबर. अ. को. सही त्याचीच होती. तोंडातला घास त्याला गिळवेना आणि थुंकवेना. खाली कृष्णेत कुणीतरी म्हशी धूत होतं, पुलावरून निवडणुकीचा भोंगा लावलेली जीप बोंबलत गेली, आणि हा आपला गालात ओला लगदा धरून उभा.

शेवटी तो थुंकला. मग रुमालानं कागद पुसायला गेला, तर तिखट पसरून आकडे तांबडे झाले. तरी वाचता येत होतं, आणि न वाचून सुटका नव्हती, कारण गणित समोर आलं की डोळा आपोआप चालतो, मनात असो वा नसो. ८१९१नं भागलं तर बाकी एकतीस उरायला हवी, हे त्याला कागद-पेन्सिल न घेता कळत होतं. कागदावर बाकी होती १३१. चूक कुठं झाली तेही लगेच दिसलं. दुसऱ्या पायरीत ४९१४६ बरोबर लिहिलं होतं, शेवटच्या पायरीत तोच आकडा पुन्हा उतरवताना ४९०४६ झाला होता. बस, एवढंच. निरुपद्रवी चूक. बाकी एकतीस काय नि एकशे एकतीस काय, शून्य नाही एवढ्याशीच मतलब. पण चुकीच्या खाली त्याच्या हातचं ‘बरोबर’ होतं, ठसठशीत, काना-मात्रा नीट काढून. आणि हे पान तपासल्याचं त्याला आठवत नव्हतं, कारण त्यानं ते तपासलंच नव्हतं. हेच का, पहिल्या वहीची दोन पानं सोडली तर एकूण एक्कावन्न वह्यांतलं एकही पान त्यानं तपासलेलं नव्हतं.

आकडा हवालदाराचा. साल बहात्तर, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा. स्टाफरूमच्या दारात एक उंच काटक माणूस पायताण काढून उभा राहिला. डोक्याला फेटा, अंगात खाकी स्वेटर, मिशी कातरलेली, आणि खालच्या ओठावर जांभळा डाग. जिभेला लावून लिहायच्या पेन्सिलीचा तो डाग आहे हे अर्जुनला मागाहून कळलं, आणि मग तो डाग बघितला की त्याला मळमळायचं. “गणिताचं सर कोण?” त्या माणसानं विचारलं. सगळ्यांनी अर्जुनकडं बोट केलं, कारण असली गिऱ्हाईकं नव्या माणसाच्या गळ्यात मारायची ही त्या स्टाफरूमची रीत होती. “हवालदार आकाराम,” तो म्हणाला, “तोफखान्यात सर्व्हेला व्हतो. आता रिटायर. गाव पलूस. ह्यो आकडा बघा, सर. आमचं कॅप्टनसायेब म्हणायचे, ह्येला कशानंच भाग जात न्हाई. एकानं जातो, आन त्येचा त्येनं जातो.”

“बरोबर आहे. मूळ संख्या आहे ती.”

“बरोबर असंलच की. सायेब खोटं बोलायचे न्हाईत. पर मी इचारलं, सायेब, तुमी करून बघितलंय व्हय? तर म्हणले, न्हाई, पुस्तकात हाय. आता पुस्तकात लय कायबाय असतंय. मला करून बघायचंय.”

मागं कुणीतरी खुदकन हसलं. अर्जुनही हसला असता, पण त्याला दाखवायचं होतं की आपल्याला येतं. त्यानं हवालदाराला बसवलं आणि सांगितलं की सगळ्या आकड्यांनी भागत बसायला नको, फक्त मूळ संख्यांनी भागायचं, आणि तेही ४६३४०पर्यंत. त्याच्या पुढं बघायचं कारण नाही. पुढच्या आकड्यानं भाग जात असेल तर त्याचा जोडीदार अलीकडं कुठंतरी आधीच सापडलेला असणार. हवालदाराला ते चटकन पटलं. “म्हंजे जोडीनंच सापडत्यात. एक घावला की दुसरा गोत्यात.” ग्रंथालयातल्या पुस्तकातून अर्जुननं यादी काढून दिली. अशा मूळ संख्या भरल्या चार हजार सातशे ब्याण्णव. इथपर्यंत सगळं चोख होतं. आणि इथंच तो थांबला. कारण अजून एक गोष्ट त्याला ठाऊक होती. ह्या विशिष्ट आकड्याला भाग गेलाच तर तो कसल्या संख्येनं जाईल याचा एक जुना नियम आहे, दोनशे वर्षांपूर्वीचा. त्या नियमाची चाळणी लावली की चार हजार सातशे ब्याण्णवांतल्या फक्त चौऱ्याऐंशी उरतात. पहिली ३११, तिच्यानंतर थेट १३०३. मधल्या शेकड्यांना हात लावायचं काम नाही. चौऱ्याऐंशी भागाकार म्हणजे एका महिन्याचंही काम नव्हतं. पाच मिनिटांत सांगून झालं असतं. तोंड उघडलंही होतं त्यानं. मग मिटलं.

का मिटलं, याचं उत्तर तो इतकी वर्षं फार सोयीनं देत आला होता. म्हाताऱ्याला समजणार नाही. रिकामटेकडा आहे, वेळ जाऊ दे त्याचा. उसाचे पैसे आपोआप येतात, पोरं शेती बघतात, ह्याला काय करायचंय दुसरं. पण आता पुलावर, तोंडात तिखट आणि हातात ती पुडी असताना, सोयीचं उत्तर काही जुळेना. त्या बहात्तरच्या दिवाळीत अर्जुनचा बाप कोंडीबा आटपाडीला दुष्काळी कामावर खडी फोडत होता. सात विसा मेंढरांतली उरलीसुरली चाऱ्याविना गेली होती, आणि ज्या हातानं जन्मभर काठी धरली त्या हातात हातोडा आला होता. अर्जुन त्याला भेटून आला होता. खडीच्या ढिगाजवळ बाप उकिडवा बसलेला, भुवयांवर पांढरी धूळ, डोळे आलेले, चिपडं धरलेली, आणि त्याच्याकडं बघताना कीव यायच्या ऐवजी अर्जुनला शिसारी आली होती. पोटच्या पोराला बापाची शिसारी. त्यानं दहा-दहाच्या दोन नोटा बापाच्या हातात कोंबल्या आणि पळ काढला होता. आणि पुढच्याच आठवड्यात पलूसचा उसाचा पाटील पायताण काढून दारात उभा राहतो आणि म्हणतो, मला करून बघायचंय.

पलूस. गाव ऐकूनच त्याचे कान टवकारले होते, हे त्याला आज कबूल करावं लागलं. थंडीत आटपाडीकडचे धनगर कळप घेऊन पश्चिमेला उतरायचे आणि मळेवाल्यांच्या रानात मेंढरं बसवायचे. लेंड्या-मुताचं खत रानाला, बदल्यात धान्य धनगराला, आणि धान्य किती ते मेंढरांच्या मोजदादीवर. कोंडीबा विसानं मोजायचा. वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभा राहून मेंढरू पायाजवळून गेलं की बोट मिटायचं, वीस झाली की घोंगड्याच्या खोळीत एक खडा. शेवटी खडे काढून सांगायचा, सात विसा आणि वरची तीन. पलूसच्या एका मळ्यात मालकाचा थोरला मुलगा आकाराम फौजेत होता, आणि धाकटा, हंबीरराव, पाहुणे आले की करमणूक म्हणून पुन्हा मोजायला लावायचा. “धनगराला विसाच्या म्होरं येत न्हाई, चुकला असणार.” एकदा, दोनदा, तीनदा. मेंढरं आत, मेंढरं बाहेर. पाहुणे हसत होते, कोंडीबाही हसत होता, आणि त्याच्याशेजारी उभ्या आठ वर्षांच्या अर्जुनला मेंढरापेक्षा बापाच्या हसण्याचा जास्त वास येत होता. तिन्ही वेळा मेंढरं तेवढीच भरली. तेव्हाच त्या पोरानं ठरवलं असावं की आपण विसाच्या फार पुढं जायचं. गेलाही. साताऱ्याच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी त्याचं घोंगडं रेक्टरनं काठीच्या टोकावर धरून आवारातल्या चिंचेवर टाकलं, वासामुळं. बड्या घरची पोरं नाकाला रुमाल लावून त्याच्याशेजारी गणितं विचारायला बसायची. तो सांगायचा, आणि मग मोरीत जाऊन दगडानं अंग घासायचा, रक्त येईस्तोवर. साताऱ्याच्या त्या सहा वर्षांत त्याची भाषा धुतली गेली, चाल धुतली गेली, कोंडीबाचा अर्जुना होता त्याचा अर्जुन झाला. कातडीखालचं मात्र काही निघालं नाही.

तेव्हा हवालदार आकाराम हा हंबीररावाचा थोरला भाऊ, हे त्याला पहिल्या दिवशीच उमगलं होतं. आणि हवालदाराला अर्जुन कोण हे ठाऊक नव्हतं, कारण कुणी गाव विचारलं की अर्जुन म्हणायचा, “सांगलीचाच.” महिन्याला एक वही. शंभर पानी, पहिली सात पानं यादीला, मग पानाला एक भागाकार. बुधवारी सकाळच्या एस.टी.नं हवालदार यायचा, वही टेबलावर ठेवायचा आणि सावधान उभा राहायचा. “फौजेत चेकिंग झाल्याबिगर माल म्होरं जात न्हाई, सर. तुमची सही झाल्याबिगर मी पुढली वही उघडनार न्हाई.” पहिल्या वहीची दोन पानं अर्जुननं खरंच बघितली. तिसऱ्या पानापासून कंटाळा आला. तेव्हापासून तो हवालदाराला चहाला धाडायचा, आणि तो परत येईस्तोवर पानामागून पान उलटत लाल शाईनं लिहीत सुटायचा. तपासले. बरोबर. तपासले. बरोबर. यात त्याला मजा यायची. ही गोष्ट आता दाताखाली खडा यावा तशी आली. मजा यायची. पाटील माझ्यापुढं उभा आहे, माझ्या सहीसाठी खोळंबलाय, आणि मी त्याला तीनदा नव्हे, हजारदा मेंढरं मोजायला लावतोय. हवालदार वहीबरोबर घरचं तूप आणायचा, कधी हरभऱ्याचे डहाळे. अर्जुन ते घरी न्यायचा आणि बोटं चाटून खायचा. आणि वह्या? “घरी वाळवी लागंल, सर. तुमच्यापाशीच रेकॉर्डला राहू द्या,” असं म्हणून हवालदार त्या ठेवून जायचा. गेल्या महिन्यात घराला रंग काढला. बायको रंगू पलंगाखालून वह्यांचा ढीग ओढत म्हणाली, “ह्येंचं काय करू?” तो दाढी करत होता. आरशातून म्हणाला, “दे रद्दीला.” रंगूनं दोनदा विचारलं होतं, “आवं, समद्या?” तो म्हणाला, सगळ्या.

आणि उद्या बुधवार. उद्या हवालदार बावन्नावी, शेवटची वही घेऊन यायचा होता. मागच्या खेपेलाच तो म्हणाला होता, “शेवटली झाली की समद्या बावन्न वह्या एका जागी मांडून एकदा बघायच्या, सर. डोळं भरून. मग झालं आमचं.” अर्जुननं पुडीचा कागद चुरगळला. नदीत टाकायला हात उचलला, आणि मग खिशात घातला. खिसा तेलकट झाला. माणसानं स्वतःला इतकं ओळखू नये, असं त्याला वाटलं. घरी न जाता तो तसाच स्टँडवर गेला आणि पलूसच्या गाडीत बसला.

सांगायच्या गोष्टी तीन होत्या. एक, मी तपासलं नाही. दोन, वह्या रद्दीत गेल्या. तीन, चौऱ्याऐंशी भागाकार पुरे होते आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाडीत शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या पोराला ओकारी झाली, तिनं ती पदरानं पुसली आणि तोच पदर वाऱ्यावर त्याच्या बाहीला लागत राहिला. तो आक्रसून बसला. नांद्रे येईपर्यंत त्याचा तिन्ही सांगायचा निश्चय पक्का होता. वसगड्याच्या पुढं त्याच्या मनात आलं, चौऱ्याऐंशीचं सांगून काय साधणार? म्हाताऱ्याच्या सव्वाचार वर्षांची माती करायची? ती दया नव्हे, क्रौर्य झालं. किती चटकन माणूस दयेच्या पायरीवर चढून बसतो! भिलवडीच्या आसपास रद्दीचंही बारगळलं. कॉलेजच्या गोदामात आहेत म्हणावं, किल्ली प्राचार्यांकडं. पलूसला उतरला तेव्हा उरली होती ती एवढीच गोष्ट, की एका पानावर एक बारीक चूक राहिलीय, ती दुरुस्त करून घेऊ. साप म्हणून निघालेलं गांडूळ होऊन पोचलं. साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर कुजका वास साऱ्या गावावर पसरला होता, आणि तो आपल्याच अंगाला येतोय असं त्याला वाटत राहिलं.

हवालदार सोप्यात पाटावर बसला होता. समोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, तिच्यावर वही. अर्जुनला बघून तो ताडकन उठला. “सर! तुमी कशाला आला? मी उद्या आलोच असतो की.” आत वळून हाक मारली, “शालूबाई, च्या टाक गं. सांगलीचं सर आल्यात.” सून दारातून डोकावली, पदर सावरून आत गेली. हवालदारानं वही अर्जुनच्या पुढं केली. शेवटचं पान. भाजक ४६३३७, भागाकार ४६३४४, बाकी ४१७१९. “झालं,” हवालदार म्हणाला. “न्हाई जात. सायेब खरंच बोलत हुते.” त्याच्या आवाजात आनंद असा नव्हता. लांबच्या पल्ल्याची ड्यूटी उतरल्यावर माणूस बोलतो तसा तो बोलत होता. मग त्यानं लाल शाईचं पेनही पुढं केलं. “करा सही.”

अर्जुननं पेन घेतलं नाही. “हवालदार, एक चूक राहिली आहे,” तो म्हणाला. “बाराव्या वहीत. ८१९१ला.”

“बाकी एकतीस पायजे, ती एकशे एकतीस पडलीया,” हवालदार म्हणाला. “व्हय. शेवटल्या पायरीला आकडा उतरवताना चुकलो.”

हवालदारानं पेटी उघडली. आत वह्या रचलेल्या होत्या, तसल्याच शंभर पानी. “डुप्लिकेट. कार्बन घालून लिवायची सवय हाय आमाला. दोन परती असल्याबिगर फौजेत कागूद कागूद न्हाई.” त्यानं बारावी काढली, पान लावलं. कार्बनच्या निळ्या आकड्यांत १३१ आडवा कापला होता, शेजारी ३१. “सही झाल्याली वही तुमच्यापाशी ठिवून आलो त्या रातीच घावलं. सहज नजर फिरवली आन घावलं.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

हवालदारानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसत बसला. “काय बोलायचं? सही तर झाल्याली. म्हंजे तुमी बघितलं न्हवतं. आता तुमाला कॉलेजात शंभर कामं. मी तोंडावर म्हणलं असतं तर तुमची मान खाली गेली असती. मास्तराची मान खाली घालवून मानसानं काय शिकायचं? मग मी आपलं दोनदा करायला लागलो. तवापास्नं परतेक भागाकार दोनदा. सकाळी एकदा, दुपारी वरली परत झाकून पुन्यांदा. तुमी बघत न्हाई म्हणल्यावर कुनीतरी बघाय पायजे.”

बाराव्या वहीपासून. म्हणजे साडेतीन हजारांवर भागाकार, दोनदा. शालूबाईनं चहा आणून ठेवला. ह्या माणसानं तीन वर्षांवर त्याची लबाडी ओळखून त्याच्यापुढं सावधान उभं राहावं, त्याला तूप आणून द्यावं, आणि वर त्याची मान सांभाळावी! त्या चांगुलपणाचा त्याला असा काही संताप आला की भिलवडीला टाकून दिलेलं, वसगड्याला टाकून दिलेलं सगळं एका दमात तोंडातून बाहेर पडलं. “वह्या मी रद्दीत घातल्या,” तो म्हणाला. “आणि हे सगळं करायचं कारणच नव्हतं. ऐकताय? एकदाही नाही नि दोनदाही नाही. चौऱ्याऐंशी. फक्त चौऱ्याऐंशी भागाकार पुरे होते. तसा नियम आहे. तुमच्या ८१९१ला हातसुद्धा लावायला नको होता. एका महिन्यात उरकलं असतं.” बोलतानाच त्याला ऐकू येत होतं की ह्या आवाजात पश्चात्ताप नाही. मारायला उचललेल्या हाताचा आवाज होता तो. इतक्या लांब येऊन तो कबुली द्यायला नव्हे, म्हाताऱ्याला दुखवायला आला होता, आणि खरं बोलूनही माणूस इतका घाणेरडा राहू शकतो हे त्याला आजच कळलं.

हवालदारानं बोटानं पेटीच्या कडेवरची धूळ पुसली. ओठावरचा जांभळा डाग थोडा हलला. “कवापास्नं ठाव व्हतं तुमाला?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग सांगितलं का न्हाई?”

अर्जुनला मराठी पुस्तकातली पुष्कळ वाक्यं सुचली. एकही बाहेर आलं नाही. बाहेर आलं ते साताऱ्याच्या मोरीत दगडानं घासून काढलेलं. “आमी आटपाडीचं,” तो म्हणाला. “कोंडीबा कोळेकराचा मी, अर्जुना. माझा बा तुमच्या मळ्यात मेंढरं बसवाय आणायचा. तुमच्या भावानं त्येला पाव्हण्यांम्होरं तीनदा मोजाय लावलं हुतं. मी तिथं हुतो.”

बोलून झालं आणि त्याला हलकं वाटलं. आता हा माणूस चिडेल, धनगराची जात काढेल, हाकलून देईल, आणि हिशोब फिटेल. त्यानं जवळजवळ आशेनं हवालदाराकडं बघितलं.

हवालदाराचा चेहरा मात्र उजळला. “कोंडीबा? विसानं मोजायचा, घोंगड्यात खडं टाकून, त्यो? आरं गड्या! लय चोख मानूस. मी रजेवर आलो की मुद्दाम बघाय जायचो त्येचं मोजणं. हंबीर याडा हुता, पाव्हण्यांम्होरं टिंगल करायचा. पर आमच्या आबांनी सांगून ठेवल्यालं, कोंडीबानं मोजलं म्हंजे दुसऱ्यांदा मोजायचं न्हाई.” तो थांबला. हसू हळूहळू विरलं, जणू आपण काय बोललो ते त्याला आता ऐकू आलं. “हाय का अजून?”

“नाही. चौऱ्याहत्तरला गेला.”

“आरारा,” हवालदार म्हणाला.

अर्जुनला ओरडावंसं वाटत होतं. शिव्या द्या, असं सांगावंसं वाटत होतं. काहीतरी करायचं म्हणून त्यानं लाल पेन उचललं आणि शेवटची वही पुढं ओढली. ह्या एका पानाचा तरी गुणाकार करून बघू, एक तरी सही खरी करू. पण हवालदारानं वहीवर हात ठेवला आणि ती मिटली. रागानं नाही, अगदी सावकाश. “सही राहू द्या आता,” तो म्हणाला. “दोनदा झालंय ते.” मग पेटीतून त्यानं एक कोरा ताव काढून अर्जुनपुढं सरकवला. “त्ये चौऱ्यांशी कंचे, तेवढं लिवून द्या. कागदावर असूद्यात. पुन्यांदा कुनाला करून बघावं वाटलं तर त्येला तरास नको.”

अर्जुननं लिहायला घेतलं. ३११. त्याच्याखाली १३०३. त्याच्याखाली १४८९. मग डोक्यात चाळणी चालवत त्यानं १५५१ लिहिलं.

“त्ये न्हाई,” हवालदार शेजारून म्हणाला. “एक, पाच, पाच, एक, बारा. त्येला तीननं जातो, सर.”

अर्जुननं आकडा खोडला. कानशिलं तापली होती, आणि कागदावर त्याच्या बोटाचा तिखटाचा डाग पडला होता.

हवालदारानं पाट जवळ ओढला, चष्मा चढवला, आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. “लिवा तुमी सावकाश,” तो म्हणाला. “मी तपासतो.”